त्वचेच्या जीवनक्षमतेचे छायाचित्रीय परीक्षण

इजा झालेल्या, फार वेळ दाबाखाली राहिलेल्या, भाजलेल्या किंवा शस्त्रक्रियेने एका जागेवरून दुसऱ्या जागी बसविलेल्या त्वचेचा कोणता भाग जिवंत राहील व कोणता मृत होऊन गळून पडेल, हे छायाचित्रांवरून अजमावण्याच्या आणि ठराविक कालांतराने पडताळून पाहण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. ऊतकाची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाची) जीवनक्षमता मुख्यतः त्यास मिळणाऱ्या रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. रक्तपुरवठा पूर्णपणे थांबल्यास त्वचा काही तासांत मरते. तो अपुरा असेल, तर ती कित्येक दिवस जगण्यामरण्याच्या सीमेवर राहते. शस्त्रवैद्यास खरी अडचण पडते ती या सीमेवरील पट्ट्यामुळे. मृत भाग ठेवला, तर त्यात जंतू वाढतात व जखम खोलवर जाते. जिवंत भाग कापला, तर तो परत मिळत नाही. टाचेवरील वा तळव्यावरील जाड त्वचेच्या बाबतीत हे नुकसान विशेष मोठे असते, कारण शरीराचा भार पेलू शकेल अशी त्वचा अन्यत्र कोठेही नसते व मांडीवरून घेतलेले त्वचारोपण तेथे फार काळ टिकत नाही.

त्वचेचा रंग कशाने बनतो : त्वचेच्या बाह्य थरात रक्तवाहिन्या नसतात. त्या थराच्या तळाशी मेलॅनीन हे काळसर रंगद्रव्य तयार होते. त्याखालील अंतस्त्वचेत केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. प्रकाश बाह्य थरातून आत जातो, रक्ताने काही अंशी शोषला जातो आणि उरलेला पुन्हा बाह्य थरातून बाहेर पडतो. म्हणजे रक्ताचा रंग आपण मेलॅनिनाच्या पडद्यातून, तोही दोन वेळा ओलांडून, पाहत असतो. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन (रक्तारुण) सु. ५४२ व ५७७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा-पिवळा प्रकाश विशेष शोषते. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हीमोग्लोबिनाचे हिरव्या-पिवळ्या प्रकाशातील शोषण सु. ५५५ नॅनोमीटरजवळ एकाच उंचवट्याने दिसते आणि ते तांबडा प्रकाशही बराच शोषते. म्हणून रोहिणीतून येणारे रक्त अडल्यास त्वचा फिकट पडते, तर नीलेतून परत जाणारे रक्त अडल्यास ती निळसर-जांभळी होते. बोटाने दाबून सोडल्यावर गेलेला रंग निरोगी त्वचेत दोन-तीन सेकंदांत परत येतो. रोहिणी अडली असेल, तर तो उशिरा येतो किंवा येतच नाही. नीला अडली असेल, तर तो वाजवीपेक्षा लवकर येतो. दाबल्यावर रंग मुळीच हटत नसेल, तर रक्त केशवाहिन्यांबाहेर झिरपले आहे असे समजतात.

केशवाहिन्यांतील दाब फार थोडा असतो. यूजीन लँडिस यांनी १९३० साली नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत तो प्रत्यक्ष मोजला. रोहिणीकडील टोकास तो पाऱ्याच्या सु. ३२ मिमी. इतका भरला. उभ्या माणसाच्या तळव्यावर याच्या कित्येक पट दाब पडतो, तरीही तळवा मरत नाही, कारण माणूस एका जागी स्थिर राहत नाही. दाब वाढला की बोचते, बोचले की तो पाय हलवितो. हे सर्व त्याच्या नकळत दिवसभर चालू असते. ज्याला बोचणे कळत नाही त्याच्या बाबतीत ही व्यवस्था कोलमडते, आणि त्याच्या पायाची राखण दुसऱ्या कोणत्या तरी उपायाने करावी लागते. असा उपाय म्हणजे प्रथम डोळा व अलीकडे त्याच्या जोडीला कॅमेरा.

वर्धा जिल्हा व बधिर पाय : ह्या प्रश्नाचा दीर्घ अनुभव वर्धा जिल्ह्याच्या वाट्यास आला आहे. कुष्ठरोगाचे जंतू तंत्रिकांत शिरतात [→ कुष्ठरोग]. घोट्याच्या आतील बाजूस मागून जाणारी तंत्रिका निकामी झाली की तळवा बधिर होतो, त्याला घाम येईनासा होतो व कोरड्या त्वचेला भेगा पडतात. विनोबा भावे यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम सुरू केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या परिचयाचे झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री हा रोग जडल्यावर सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले व त्यांची शुश्रूषा स्वतः केली. परचुरे कुटी हे नाव आश्रमात त्यावरूनच राहिले आहे. १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था वर्ध्यास स्थापन झाली. तिचे पहिले संचालक डॉ. रा. वि. वारदेकर यांच्या काळात घरोघर पाहणी, शिक्षण व उपचार अशी तिहेरी पद्धत तेथे घडविण्यात आली आणि पुढे ती राष्ट्रीय कार्यक्रमात स्वीकारली गेली. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांतून सुरू झाला त्यांतही वर्धा अग्रभागी होता.

औषधांनी जंतू मरतात. मेलेली तंत्रिका मात्र परत येत नाही. त्यामुळे रोगमुक्त ठरलेल्या, कागदोपत्री रुग्णही न उरलेल्या माणसाच्या तळव्यावर वीस-तीस वर्षांनंतरही व्रण होत राहतात. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्याने कुष्ठरोगाचे देशपातळीवर निर्मूलन झाल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले (म्हणजे दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण उरले). ह्या आकड्यात बधिर पायांची मोजदाद नाही. शिवाय मधुमेहामुळे तसाच बधिर पाय आता शहरात व खेड्यात सर्वत्र आढळू लागला असून त्यात रोहिण्याही अरुंद झालेल्या असल्याने जीवनक्षमतेचा प्रश्न अधिक बिकट होतो. कुष्ठरोग्याच्या पायात रक्तपुरवठा सहसा चांगला असतो. पूर्वी त्याचे मांसच नासके असते व ते भरून येत नाही अशी समजूत वैद्यकातही होती. वेल्लोर येथे काम करणारे शस्त्रवैद्य पॉल ब्रँड यांनी ती खोडून काढली. प्लॅस्टरात बंदिस्त करून भार नीट विभागला की हेच पाय इतरांच्या पायांप्रमाणे भरून येतात, हे त्यांनी दाखवून दिले. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला ह्याच विचारातून आल्या.

चित्रनोंदीचा इतिहास : जगलेल्या त्वचेचा चित्ररूप पुरावा ठेवण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे. इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक टिपूच्या कैदेत असताना कापण्यात आले होते. पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक बसविले. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून, तोच कपाळावर सपाट करून त्याने त्वचेचे माप घेतले. दोन डोळ्यांमधील त्वचेचा देठ त्याने तोडला नाही. रक्त त्यातूनच येत राहिले व सु. पंचविसाव्या दिवशी, नव्या जागी रक्तवाहिन्या जुळल्यानंतर, तो देठ कापण्यात आला. शस्त्रक्रियेनंतर सु. दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले. त्यावरून केलेले उत्कीर्ण चित्र व शस्त्रक्रियेचे वर्णन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात छापून आले आणि यूरोपातील शस्त्रवैद्यांचे लक्ष ह्या कलेकडे वेधले गेले. चित्रात दिसते ते यश अखेरचे आहे. मधल्या पंचवीस दिवसांत त्वचेचा रंग कसा बदलत गेला, हे कारागिराने पाहिले असणार. नोंद मात्र कोठेही नाही.

कुष्ठसेवेत नोंद ठेवण्याचे साधन अगदी साधे होते. रुग्णपत्रकावर मानवी देहाची पुढची व मागची बाह्यरेषा छापलेली असे आणि कार्यकर्ता तीवर चट्टे व व्रण पेन्सिलीने काढी. जागा कळे, रंग कळत नसे. कृष्णधवल छायाचित्राचीही हीच मर्यादा होती. रंगीत फिल्मने ती दूर केली, पण फिल्म धुऊन येईपर्यंत जखम पुढे गेलेली असे. स्टीव्हन सॅसन यांनी कोडॅक कंपनीत १९७५ साली पहिला अंकीय कॅमेरा जुळविला. त्याच्या कृष्णधवल चित्रात १०० × १०० एवढेच बिंदू होते व एक चित्र ध्वनिफितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये एकस्व मिळविलेली तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी आज बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत, भ्रमणध्वनीतीलसुद्धा, वापरात आहे. तीमुळे प्रत्येक बिंदूला तीन संख्या मिळतात. रंगाची संख्या झाली, आणि त्यामुळे आजचा रंग परवाच्या रंगातून वजा करणे शक्य झाले.

येथे सेवाग्राममधील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गांधीजींचे नातलग कनु गांधी यांना आश्रमात छायाचित्रे काढण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : झगमगता दिवा लावायचा नाही, गांधीजींना अमुक पवित्रा घ्या असे सांगायचे नाही आणि खर्च आश्रमाकडून मिळायचा नाही. त्या छायाचित्रांचे ऐतिहासिक मोल ह्या अटींमुळे वाढले. वैद्यकीय छायाचित्राचे पहिल्या दोन बाबतींत नेमके उलट आहे. दिवा तोच, अंतर तेच, पाय ठेवण्याची रीत तीच असल्याखेरीज दोन चित्रांची तुलना होऊ शकत नाही.

छायाचित्र घेण्याची रीत : जखम प्रथम साध्या मिठाच्या पाण्याने धुऊन हलक्या हाताने टिपून घेतात. ओल्या पृष्ठभागावर प्रकाश चकाकतो व ती चकाकी कॅमेऱ्यास पांढरा रंग म्हणून दिसते. दिव्यापुढे व भिंगापुढे एकमेकींशी काटकोनात ठेवलेल्या ध्रुवणपट्ट्या लावल्यास ती नाहीशी होते. जखमेच्या पातळीत मोजपट्टी व ज्ञात रंगांची पत्रिका ठेवतात. १९७६ पासून प्रचारात असलेली चोवीस चौकोनांची पत्रिका यासाठी चालते; ती नसेल, तर निदान एक राखाडी व एक पांढरा चौकोन हवाच. कॅमेरा पृष्ठभागास लंब धरावा लागतो. तो ३०° कलल्यास सपाट जखमेचे क्षेत्रफळ सु. १३ टक्के कमी भरते, म्हणजे न भरलेली जखम भरत आल्यासारखी दिसते. टाचेसारख्या गोलाकार भागावर ही चूक आणखी वाढते आणि तेथे दोन-तीन बाजूंनी चित्रे घेण्यावाचून इलाज नसतो.

क्षेत्रफळ काढण्याची प्रचलित रीत लांबी गुणिले रुंदी अशी आहे. ४ सेंमी. लांब व ३ सेंमी. रुंद लंबवर्तुळाकृती जखमेचे तीवरून १२ चौ. सेंमी. येते, प्रत्यक्षात ते सु. ९.४ असते, म्हणजे २७ टक्के जास्त मोजले जाते. छायाचित्रात मोजपट्टीचा १ सेंमी. १०० बिंदूंचा असेल, तर १ चौ. सेंमी. मध्ये १०,००० बिंदू येतात आणि जखमेच्या कडेच्या आतील बिंदू मोजले की क्षेत्रफळ सरळ मिळते. मधुमेही पायाचा व्रण चार आठवड्यांत निम्म्यानेही आकसला नाही, तर बारा आठवड्यांत तो भरण्याची आशा थोडी असते, असा अनुभव आहे. ही निम्म्याची सीमा ओळखण्यास कच्चे माप उपयोगी पडत नाही.

रंगांचे वर्गीकरण स्थूलमानाने तीन प्रकारांत करतात : लाल म्हणजे केशवाहिन्यांनी भरलेले नवे दाणेदार ऊतक, पिवळा म्हणजे मऊ झालेले मृत ऊतक, काळा म्हणजे वाळलेली मृत त्वचा. संगणक हे काम बिंदूगणिक करतो. तांबड्या व हिरव्या संख्यांच्या गुणोत्तराचा लॉगॅरिथम घेतल्यास रक्ताच्या प्रमाणाचा अंदाज येतो, कारण रक्त हिरवा प्रकाश अडविते व तांबडा पुष्कळसा परत पाठविते. परंतु कॅमेऱ्याच्या रंगगाळण्या रुंद असतात. ५४२ व ५७७ नॅनोमीटर यांमधला भेद त्यांना कळत नाही. त्यामुळे रक्त किती आहे हे साध्या छायाचित्रातून बऱ्यापैकी कळते, त्यात ऑक्सिजन किती आहे हे तितकेसे कळत नाही.

भ्रमणध्वनीचा कॅमेरा चित्र ‘सुधारून’ देतो आणि सर्वाधिक फसगत येथेच होते. जखमेभोवती शस्त्रक्रियागृहातील हिरवे कापड पसरलेले असेल, तर चौकट हिरव्याने भरते. यंत्र तो प्रकाशाचा दोष समजून सर्व चित्र तांबड्याकडे झुकविते आणि फिकट मृत त्वचा गुलाबी दिसू लागते. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत काढलेल्या चित्रास हिरवट छटा येते, निळ्या रंगाच्या भिंतीजवळ निळसर, पिवळ्या दिव्याखाली पिवळट. दोन भेटींतील असा फरक रोगाचा आहे की सावलीचा, हे रंगपत्रिकेवाचून सांगता येत नाही. उत्तरेकडील पडवीत, उन्हाच्या झोताबाहेर, राखाडी कापडावर पाय ठेवून सकाळी ठराविक वेळी काढलेले चित्र महागड्या उपकरणाने कसेही काढलेल्या चित्रापेक्षा भरवशाचे असते.

जखमेला लावलेले पदार्थही चित्रात येतात. आपल्याकडे भाजल्यावर हळद, शाई, दंतमंजन, कोरफड यांपैकी काही तरी लावूनच रुग्ण येतो. हळदीचा पिवळा रंग धुऊनही पूर्णपणे जात नाही व संगणक त्यास मृत ऊतक म्हणून मोजतो. आयोडीन तपकिरी छटा देते. भाजलेल्या जागी लावण्याच्या चांदीयुक्त मलमामुळे पांढुरकी खपलीसारखी साय धरते व खालची त्वचा झाकली जाते. पायाच्या कडेला आळता किंवा मेंदी असेल, तर शेजारची निरोगी त्वचा तुलनेस निरुपयोगी ठरते. कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारातील क्लोफॅझिमीन हे औषध तर सर्वांगाची त्वचा महिनोन्‌महिने तांबूस-काळी करते. ते चालू असताना व बंद झाल्यावर घेतलेल्या चित्रांची तुलना करताना ही गोष्ट टिपणात नसेल, तर औषधाचा रंग उतरणे म्हणजे त्वचेचा रक्तपुरवठा बदलणे असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

काळ्या-सावळ्या त्वचेचा प्रश्न : दाबामुळे होणाऱ्या इजेची पहिली खूण म्हणजे दाबूनही न हटणारी लाली, असे पाठ्यपुस्तके सांगतात [→ शय्याव्रण]. ही खूण गोऱ्या त्वचेवर पाहून ठरविलेली आहे. विदर्भातील शेतमजुराच्या टाचेवर वा माकडहाडावर लाली दिसत नाही. दिसलीच तर किंचित जांभळट किंवा शेजारपेक्षा गडद छटा दिसते आणि ती पुष्कळदा उन्हाने रापलेली जागा म्हणून सोडून दिली जाते. मेलॅनीन तरंगलांबी कमी होईल तसा अधिक प्रकाश शोषते, म्हणून हिरव्या प्रकाशातील रक्ताची खूण त्याच्याखाली बुडते. यंत्रांनाही हा दोष चिकटतो. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोटाला लावण्याच्या ऑक्सिजनमापकाने ऑक्सिजन पुरेसा दाखविला असतानाही रक्ततपासणीत तो कमी आढळल्याचे प्रमाण कृष्णवर्णी रुग्णांत ११.७ टक्के, तर गौरवर्णी रुग्णांत ३.६ टक्के होते. जखमांची चित्रे पाहून आपोआप निदान करणाऱ्या संगणकीय प्रणाली ज्या चित्रांवर शिकविल्या जातात त्यांत सावळी त्वचा थोडी असेल, तर त्यांच्याकडून वेगळी अपेक्षा करता येणार नाही. परदेशी प्रणाली येथे जशीच्या तशी वापरणे प्रस्तुत लेखकास धोक्याचे वाटते.

यावर काही मार्ग आहेत. रंगाच्या निरपेक्ष संख्येऐवजी त्याच माणसाच्या दुसऱ्या पायावरील त्याच जागेशी तुलना करावी. तळव्यावर मेलॅनीन फार कमी असते, त्यामुळे तळव्याचे चित्र पायाच्या वरच्या बाजूच्या चित्रापेक्षा पुष्कळ विश्वसनीय असते. अडचण येते ती जेथे तळवा संपून बाजू सुरू होते त्या कडेवर. काचेच्या पट्टीने दाबून सोडताना चलचित्र घेतल्यास रंग परत येण्याचा वेळ मेलॅनिनाच्या प्रमाणावर अवलंबून राहत नाही, कारण मेलॅनीन दाबाने हलत नाही, रक्तच हलते. साध्या कॅमेऱ्याच्या चलचित्रातून, नेहमीच्या उजेडात, चेहऱ्यावरील नाडीचे ठोके मोजता येतात हे २००८ साली दाखविले गेले, त्यामागेही हेच तत्त्व आहे. तपमान हाही एक आधार आहे. एका पायावरील जागा दुसऱ्या पायावरील त्याच जागेपेक्षा सु. २° से. हून अधिक उष्ण राहिली, तर तेथे व्रण होण्याच्या बेतात आहे असे धरून विश्रांती देतात. ब्रँड हे आपल्या साहाय्यकांना हाताच्या पाठीने अशा उष्ण जागा शोधण्यास शिकवीत. अवरक्त कॅमेऱ्याने हे काम नेमके होते, मात्र वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास जातो, त्या वेळी भोवतालची हवाच त्वचेहून तप्त असते. उन्हातून चालत आलेल्या माणसास सावलीत काही वेळ बसविल्याशिवाय केलेले मापन व्यर्थ होय.

इतर उपयोग व मर्यादा : भाजलेल्या जागेचे डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये तीन पट्टे वर्णिले : मधला मृत, त्याभोवतीचा रक्तप्रवाह मंदावलेला व बाहेरचा रक्ताने फुललेला. मधल्या पट्ट्याचे भवितव्य दोन-तीन दिवसांत ठरते. अनुभवी शस्त्रवैद्याचा नुसत्या डोळ्यांनी केलेला खोलीचा अंदाजही सु. दोन-तृतीयांश वेळाच बरोबर येतो. लेसर किरणांच्या साहाय्याने रक्तकोशिकांची हालचाल टिपणारी यंत्रे दुसऱ्या ते पाचव्या दिवसात याहून पुष्कळ अचूक ठरतात, परंतु ती महाग असून मोठ्या रुग्णालयांतच असू शकतात. पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशीची नीट काढलेली छायाचित्रे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. कोणत्या रुग्णास तातडीने पुढे धाडावे एवढे मात्र त्यांवरून ठरविता येते.

सर्पदंशात, विशेषतः नागाच्या विषाने, दंशाभोवतीची त्वचा काळवंडते. सूज व काळवंडलेल्या भागाची कड लेखणीने आखून तीवर वेळ लिहिण्याची पद्धत आहे. रेषेसह काढलेल्या चित्रांच्या मालिकेवरून मृत्यूची कड पुढे सरकत आहे की थांबली, हे दिसते. ती थांबण्यापूर्वी कापाकापी केली, तर जगू शकणारी त्वचा जाते. स्थानांतरित त्वचेच्या बाबतीत उलट घाई असते : नीला तुंबल्याची जांभळी छटा पहिल्या काही तासांतच लक्षात आली, तर टाका सैल करून किंवा वाहिनी पुन्हा जोडून त्वचा वाचू शकते, दुसऱ्या दिवशी नाही.

छायाचित्राची सर्वांत मोठी मर्यादा खोलीची आहे. दृश्य प्रकाशाने मिळणारी माहिती त्वचेच्या वरच्या एक-दोन मिमी. पुरतीच असते. दाबाने होणारी इजा पुष्कळदा हाडालगतच्या स्नायूत सुरू होऊन वर येते. वरची त्वचा चित्रात निरोगी दिसत असताना आतील मांस मेलेले असू शकते. बधिर तळव्याच्या व्रणाचे तोंड लहान व लाल, भरत आल्यासारखे दिसते आणि आत हाड कुजलेले असते. निर्जंतुक बोथट सळई व्रणातून घालून ती हाडास टेकते का ते पाहणे व क्ष-किरण चित्र घेणे, ही कामे कॅमेरा करू शकत नाही. वास, पुवाचा दाटपणा, कडेचा कठीणपणा हेही त्यात येत नाही. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा निकट-अवरक्त प्रकाश अधिक खोल जातो. शिरेत टोचलेले इंडोसायनीन ग्रीन हे रंगद्रव्य त्या प्रकाशात चमकते व रक्त कोठवर पोहोचते ते थेट दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी ही पद्धत फार उपयोगी पडते, खेड्यातील उपकेंद्रावर नाही.

जिल्ह्यात सेवाग्राम (१९६९) व सावंगी (१९९०) अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पण आर्वी वा आष्टी तालुक्यातील गावाहून तेथे जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि न दुखणाऱ्या जखमेसाठी ती कोणी बुडवीत नाही. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ई-संजीवनी सेवेसारख्या दूरस्थ सल्ल्याच्या सोयीत छायाचित्राचे महत्त्व यासाठी आहे. पाठविलेल्या चित्राबरोबर दिनांक, कोणता पाय, जखम धुतली होती की नाही, आधी काय लावले होते, १० ग्रॅम भाराचा नायलॉनचा धागा टेकविलेला रुग्णास कळतो की नाही, एवढ्या गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. त्यांवाचून आलेले चित्र कितीही स्पष्ट असले, तरी त्यावरून सल्ला देण्याचे जाणते वैद्य टाळतात.

संमती व गुप्तता : कुष्ठरोगाच्या जुन्या ग्रंथांतून रुग्णांचे चेहरे डोळ्यांवर काळी पट्टी ओढून छापलेले आढळतात. गावातल्या माणसाला ओळख पटण्यास ती पट्टी आड येत नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि विवाहविच्छेदाचे एक कारण म्हणून कुष्ठरोगाचा उल्लेख २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आला. लग्न जुळविताना होणारी चौकशी मात्र कायद्याने थांबलेली नाही. कार्यकर्त्याच्या खाजगी भ्रमणध्वनीत राहिलेले एक चित्र रुग्णाच्या मुलीचे लग्न मोडू शकते. वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला असून आरोग्यविषयक छायाचित्रेही त्याच्या कक्षेत येतात. चौकटीत चेहरा, गोंदण, दागिना, घराचा दरवाजा येऊ न देणे, क्रमांकावरून ओळख ठेवणे आणि चित्र रुग्णालयाच्या नोंदीत जमा झाल्यावर हातातील प्रत पुसून टाकणे, ह्या गोष्टी कायद्याची वाट न पाहता करता येण्याजोग्या आहेत. काढलेले चित्र रुग्णास दाखवितात, कारण स्वतःचा तळवा त्यास एरवी दिसत नसतो. पुष्कळांना आपल्या व्रणाचा आकार त्यावरूनच प्रथम कळतो. बोटे झडल्यामुळे ज्यांना भ्रमणध्वनी धरता येत नाही, ते भिंतीला टेकवून ठेवलेल्या आरशात रोज रात्री तळवे पाहतात.